चोवीस मुलांच्या तुकडीचा निकाल वाचताना

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी पुन्हा मांडतो, कारण सगळं उत्तर त्यांच्यावरच चालणार आहे. तुम्ही एका लहान गावातल्या माध्यमिक शाळेच्या समितीवर आहात. शालान्त परीक्षेचे गेल्या चार वर्षांचे निकाल ९२, ८३, ९५ आणि ७१ टक्के. मुलं मोजली तर २४ पैकी २२, २३ पैकी १९, २२ पैकी २१ आणि यंदा २४ पैकी १७ उत्तीर्ण. शेजारच्या मोठ्या शाळेत दर वर्षी तीनशेच्या आसपास मुलं बसतात आणि तिथला निकाल ८६ च्या आगेमागेच राहतो. समितीत दोन गट पडलेत. एक म्हणतो, दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुख्याध्यापकांनी शाळेची घडी विस्कटली. दुसरा म्हणतो, कामासाठी गावात येऊन राहिलेल्या कुटुंबांची मुलं चार वर्षांपूर्वी तुकडीत ४ होती, यंदा ८ झाली, म्हणून निकाल घसरला. यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारताय.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून पहिलं सिद्ध होत नाही आणि दुसरं तर साध्या हिशेबातही बसत नाही. पहिल्याबद्दल फार बोलायला नको. मुख्याध्यापक दोन वर्षांपूर्वी आले असतील तर ९५ टक्क्यांचं वर्षही त्यांच्याच काळातलं आहे. तेव्हा त्यांचं श्रेय कुणी मोजलं नसेल, तर आता दोष मोजायला बसू नये.

आता ७१ या आकड्याकडे. चारही वर्षं एकत्र केली तर ९३ मुलांपैकी ७९ उत्तीर्ण, म्हणजे ८५ टक्के. मोठ्या शाळेचे ८६. दोन शाळांमध्ये सांगण्यासारखा फरकच नाही. फरक आहे तो हेलकाव्यांचा, आणि तो तुकडीच्या आकारातून येतो. २४ च्या तुकडीत एक मूल म्हणजे चार टक्क्यांहून अधिक; तीनशेच्या शाळेत एक मूल म्हणजे एक तृतीयांश टक्का. शाळेत काहीही बदललं नाही, प्रत्येक मुलाची उत्तीर्ण होण्याची शक्यता दर वर्षी तीच ८५ टक्के राहिली, असं धरलं तरी २४ मुलांचा निकाल निव्वळ योगायोगाने ७१ ते ९९ च्या पट्ट्यात कुठेही पडू शकतो. तीनशे मुलांसाठी हाच पट्टा ८६ च्या वरखाली चार-चार टक्क्यांचा असतो. त्यांचा निकाल स्थिर दिसतो यात त्यांचं कर्तृत्व थोडं आणि गर्दीचं जास्त.

७१ त्या पट्ट्याच्या अगदी काठावर आहे, हे मान्य. एखाद्या ठरावीक वर्षी २४ पैकी १७ किंवा त्याहून कमी मुलं उत्तीर्ण होण्याची शक्यता या हिशेबाने सुमारे ६ टक्के येते. समितीतला कुणीतरी लगेच म्हणेल, म्हणजे हे क्वचितच घडतं! पण तुम्ही ते ठरावीक वर्ष आधी निवडलं नव्हतं. चार वर्षं पाहिलीत आणि त्यातलं सगळ्यात वाईट उचललंत. चार वर्षांत एकदा तरी असं वर्ष येण्याची शक्यता २० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे तुमच्यासारख्या पाच शाळांपैकी एकीत, कुणाचीही काही चूक नसताना, आज अशीच बैठक चालू असेल.

या मागचं गणित जुनं आहे. आब्राम द म्वाव्र या गणितज्ञाने १७३० मध्ये दाखवून दिलं, की सरासरीतला डळमळीतपणा गटाच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. गट चौपट केला तर डळमळ निम्मी. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये, हे सूत्र माहीत नसल्यामुळे किती नुकसान झालं ते लिहिलं, आणि त्यातलं एक उदाहरण शाळांचंच आहे. अव्वल शाळांच्या यादीत लहान शाळा फार दिसतात, हे पाहून गेट्स फाउंडेशनसह अनेकांनी मोठ्या हायस्कुलांच्या जागी लहान शाळा उभ्या करण्यात प्रचंड पैसा ओतला. वेनर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळांचे गुण तपासले. सर्वांत लहान ५० शाळांपैकी ६ शाळा गुणांच्या पहिल्या ५० मध्ये होत्या, जिथे योगायोगाने एक-दोन अपेक्षित होत्या. लहान शाळा उत्तम, असं वाटावं असाच हा आकडा. पण तळाच्या ५० मध्ये त्याच लहान शाळांपैकी ९ होत्या. यादीची दोन्ही टोकं लहान शाळांनी भरतात, कारण मधे टिकून राहण्याइतकी मुलं त्यांच्याकडे नसतात. पुढे २००९ च्या वार्षिक पत्रात बिल गेट्स यांनीच लिहिलं, की पैसा लावलेल्या अनेक लहान शाळांमध्ये मुलांच्या प्रगतीत म्हणण्यासारखी सुधारणा झाली नाही. (लहान शाळा वाईट असतात, असा याचा अर्थ कुणी काढू नये. न्यूयॉर्क शहरात प्रवेश सोडतीने दिलेल्या लहान हायस्कुलांचा अभ्यास झाला, त्यात शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण खरोखर वाढलेलं दिसलं. सोडतीमुळे प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली मुलं सारखीच होती. तुलना अशी असेल तर ती मानावी.)

एक सावधगिरी मात्र सांगतो, कारण हा योगायोगाचा हिशेब मांडल्यावर लोक निवांत होतात. वरचं गणित प्रत्येक मूल इतरांपासून स्वतंत्र आहे असं धरतं. लहान शाळेत तसं नसतं. गणित शिकवणारे शिक्षक एकच असतात आणि सगळी मुलं त्यांच्याच हाताखालून जातात. ते सहा महिने रजेवर गेले, जागा रिकामी राहिली, किंवा इतिहासाच्या शिक्षकांना विज्ञान शिकवावं लागलं, तर फटका चोवीसच्या चोवीस मुलांना एकाच वेळी बसतो. मोठ्या शाळेत त्याच विषयाचे चार शिक्षक असतात. एक गेला तर एका तुकडीचं बिघडतं, शाळेचा आकडा हलतही नाही. म्हणून लहान शाळेचा निकाल नुसत्या योगायोगापेक्षाही जास्त हलतो, आणि त्या जास्तीच्या हलण्यात खरी माहिती असते. ती टक्केवारीत सापडत नाही. ती यंदा नापास झालेल्या सात मुलांच्या नावांत सापडते. त्यांच्याकडे येतोच.

त्याआधी दुसऱ्या गटाचं म्हणणं. बाहेरून आलेली मुलं ४ ची ८ झाली आणि नापास २ चे ७ झाले. वाढलेली मुलं चार, वाढलेले नापास पाच. ती चारही जादा मुलं नापास झाली आणि त्यांच्या जागी आधी असलेली चारही हमखास उत्तीर्ण होणारी होती, असं टोकाचं धरलं तरी पाचाचा हिशेब लागत नाही. आता टोकाचं सोडून जरा वास्तवातलं धरू. समजा, गावातल्या जुन्या कुटुंबांची मुलं आणि ही मुलं यांच्या उत्तीर्ण होण्यात तब्बल ४० टक्क्यांचं अंतर आहे. तरी चार मुलं एका गटातून दुसऱ्या गटात गेल्याने नापासांत भर पडते सुमारे दीड मुलाची. उरलेल्या जवळजवळ साडेतीन मुलांचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. हा हिशेब कागदाच्या मागच्या बाजूवर दोन मिनिटांत होतो; समितीच्या बैठकीत तो कुणी केला नाही, याचं मला नवल वाटत नाही. आयतं कारण हाताशी असलं की हिशेब सुचत नाही.

आणि त्या आठांपैकी प्रत्यक्षात किती नापास झाले, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. हीच मुख्य उणीव आहे. ‘त्या मुलांचं प्रमाण वाढलं आणि निकाल उतरला’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की त्या मुलांनीच निकाल उतरवला असं वाटतं. पण गटाच्या आकड्यावरून त्या गटातल्या माणसाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये याचा सणसणीत पुरावा दिला. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशातून आलेले स्थलांतरित जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. यावरून स्थलांतरित जास्त शिकलेले होते म्हणावं, तर व्यक्तिगणिक पाहिल्यावर उलटं निघालं: स्थलांतरितांमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती. ते फक्त अशा राज्यांत जाऊन राहिले होते जिथे बाकीचे लोक चांगले शिकलेले होते. तुमच्याकडेही यंदाच्या सात नापासांपैकी सहा जुन्या गावकऱ्यांचे निघाले, तर समितीतल्या चर्चेचा सूर काय होईल याची कल्पना करून पाहा.

याच्या अगदी उलट घोटाळाही होतो. तुकडीची रचना बदलली की सगळ्या गटांची प्रगती होऊनही एकूण निकाल खाली येऊ शकतो. समजा ४० मुलांत ३२ जणांचे पालक माध्यमिक शाळा शिकलेले आणि ८ मुलं घरातली पहिलीच शिकणारी. पहिल्या गटातून २८ उत्तीर्ण, दुसऱ्यातून ४. एकूण ३२, म्हणजे ८० टक्के. काही वर्षांनी रचना २०-२० झाली. पहिल्या गटातून १८ उत्तीर्ण, म्हणजे साडेसत्त्याऐंशीचे नव्वद टक्के झाले. दुसऱ्यातून १२, म्हणजे पन्नासाचे साठ झाले. दोन्ही गटांत सुधारणा, आणि एकूण ३० उत्तीर्ण, म्हणजे ७५ टक्के. फलकावर लागणार ७५. शिक्षकांनी दोन्ही गटांसाठी जास्त केलं आणि ऐकून घ्यावं लागलं ते घसरणीबद्दल. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. गाव बदलत असेल तर शाळेला हा हमखास भेटतो, म्हणून गटवार आकडे ठेवल्याशिवाय एकूण आकड्यावर बोलू नये.

९५ टक्क्यांच्या वर्षाबद्दल मला एक शंका आहे. त्या वर्षी २२ मुलं बसली. पण तीच तुकडी तीन वर्षांपूर्वी किती मुलांची होती? मधे कितींनी दाखला नेला, किती नुसतीच यायची थांबली, आणि कितींना ‘यंदा बसू नकोस, बाहेरून बस’ असं सुचवलं गेलं? समजा ती तुकडी २८ ची होती आणि सहा मुलं गळली. मग २८ पैकी २१, म्हणजे ७५ टक्के. यंदाच्या तुकडीत सुरुवातीला २५ होती असं धरा. २५ पैकी १७ म्हणजे ६८. चोवीस-पंचवीस टक्क्यांची घसरण सातावर आली. कदाचित यंदा शाळेने कच्च्या मुलांना टिकवून परीक्षेला बसवलं, आणि त्याचीच शिक्षा आकड्याने दिली. अमेरिकेत हा गोंधळ इतका वाढला होता, की २००८ मध्ये केंद्रीय नियम करून सगळ्या राज्यांना एकच रीत लावली: नववीत आलेली मुलं धरायची, नंतर बदलून आलेली मिळवायची, खरोखर दुसऱ्या शाळेत गेलेली किंवा मृत्यू पावलेली वजा करायची, आणि उरलेल्यांपैकी चार वर्षांत किती पूर्ण झाली ते मोजायचं. नुसतं ‘शाळा सोडली’ एवढ्यावर मूल हिशेबातून जात नाही; दुसऱ्या शाळेत गेल्याची नोंद लागते. तुम्हीही भाजक, म्हणजे ज्या संख्येने भागायचं ती, अशीच धरा. हजेरीपट आणि दाखल्यांची नोंदवही एवढं पुरतं.

शंभर टक्के निकालाबद्दलही जाता जाता सांगतो, कारण कधीतरी तो लागेल आणि मिरवणूक निघेल. २४ पैकी २४ उत्तीर्ण झाली तरी नापास होण्याचं खरं प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत असू शकतं. एकही घटना घडली नसेल तेव्हा ३ ला एकूण संख्येने भागायचं, असा ठोकताळा आहे. मिरवणूक काढा, हरकत नाही. पुढच्या वर्षी ८८ लागले तर कुणाला धारेवर धरू नका.

आता घरची परिस्थिती मोजण्याबद्दल. तुमच्या समितीने ‘बाहेरून आलेली’ हा एकच निकष धरलाय. मी तो कधीच एकटा वापरणार नाही. त्या आठांत एखाद्या परिचारिकेचं मूल असेल आणि रोजंदारीवरच्या मजुराचंही, आणि शाळेत आल्यावर दोघांना लागणारी मदत पूर्ण वेगळी असेल. सरकारी सवलतीवर आधारलेले निकषही फसवे असतात. अमेरिकेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण हीच वर्षानुवर्षं गरिबीची मोजपट्टी होती. २०१४-१५ पासून देशभर अशी सोय आली, की गरीब वस्तीतल्या शाळेने प्रत्येकाचा अर्ज न मागता सगळ्यांनाच मोफत जेवण द्यावं. मुलांचं भलं झालं. पण अशा शाळांच्या आकड्यांत एका रात्रीत सगळीच मुलं गरीब दिसायला लागली. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याऐवजी पालकांचं शिक्षण, त्यांचा व्यवसाय आणि पुस्तकांसकट घरातल्या वस्तू यांचा मिळून निर्देशांक करतात. तुमच्यासारख्या शाळेला इतकं लागत नाही. प्रवेशाच्या वेळी चार गोष्टी लिहून घ्या: आईचं शिक्षण, घरात बोलली जाणारी भाषा, शाळेचं अंतर, आणि या शाळेत मूल कोणत्या इयत्तेत आलं. यातली शेवटची बहुतेक शाळा नोंदवतात आणि वापरत मात्र कुणीच नाही. शेवटच्या वर्षी येऊन बसलेल्या मुलाचा निकाल तुमच्या शाळेचा किती आणि आधीच्या शाळेचा किती, हा साधा प्रश्न आहे.

घरची परिस्थिती सगळं ठरवते, असंही मानू नका. १९६६ चा समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल त्यासाठी नेहमी पुढे केला जातो: शाळेतल्या सोयींपेक्षा घरची पार्श्वभूमी गुणांशी जास्त जोडलेली आहे. तो अमेरिकेतला होता. १९८३ मध्ये हाइनमन आणि लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांची आकडेवारी पाहिली तेव्हा दिसलं, की देश जितका गरीब तितका शाळेचा आणि शिक्षकांचा वाटा मोठा. जिथे घरी शिकवणारं कुणी नाही तिथे शाळाच सगळं असते, हे कुठल्याही गावातल्या शिक्षकाला अभ्यास न वाचताही माहीत आहे.

एक नाजूक गोष्ट. आठ मुलांच्या गटाचा निकाल बैठकीत किंवा फलकावर कधीही जाहीर करू नका. लहान गावात आठ म्हणजे आठ नावं. अमेरिकी राज्यांत गटाची किमान संख्या ठरलेली असते, बहुतेक ठिकाणी १० ते ३० च्या दरम्यान. त्याखालच्या गटाचा आकडा झाकतात. नुसतं झाकूनही भागत नाही. एकूण २४ पैकी १७ उत्तीर्ण आणि जुन्या कुटुंबांच्या १६ पैकी १२ उत्तीर्ण असं छापलंत, तर उरलेल्या आठांत पाच हे शाळकरी पोरसुद्धा काढेल. एक आकडा झाकायचा तर दुसराही झाकावा लागतो. गटवार तक्ता मुख्याध्यापकांच्या कपाटात राहू द्या.

तीन वर्षांची सरासरी काढा, असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. काढा, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. २४ पैकी २० उत्तीर्ण झाली तर खरं प्रमाण ६४ ते ९३ टक्क्यांत कुठेही असू शकतं. तीन वर्षं मिळून ७२ पैकी ६० झाली तर हीच मर्यादा ७३ ते ९० होते. सुधारणा आहे, पण मुख्याध्यापकांची बदली ठरवण्याइतकी नाही. शिवाय तिसऱ्या वर्षी कळतं तेव्हा पहिल्या वर्षाची मुलं शाळेतून निघून गेलेली असतात. मुलाची सुरुवातीची पातळी धरून प्रगती मोजण्याच्या पद्धतीही आहेत. इंग्लंडमध्ये २०१६ पासून माध्यमिक शाळांसाठी तशी मोजणी सुरू झाली आणि प्रत्येक शाळेच्या आकड्यासोबत त्याची खालची-वरची मर्यादाही छापली गेली. लहान शाळांच्या मर्यादा इतक्या रुंद असतात, की त्यातल्या अनेक सरासरीहून वेगळ्या म्हणताच येत नाहीत. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मोजमापच तेवढं सांगू शकतं.

मात्र तीनशे मुलांच्या शाळेला न जमणारी एक गोष्ट तुम्ही एका दुपारी करू शकता. सात नापास मुलांची नावं घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: कोणत्या विषयात राहिलं, किती गुणांनी, त्या विषयाचे शिक्षक वर्षभर होते का, हजेरी कोणत्या महिन्यात तुटली, कोणत्या इयत्तेत शाळेत आलं, आणि पहिल्याच घटक चाचणीत वाचन-गणित कसं होतं. सातपैकी पाच एकाच विषयात गेले असतील तर प्रश्न त्या विषयाच्या तासांचा आहे, मुलं कुठून आली याचा नाही. हजेरी सगळ्यांची एकाच हंगामात तुटली असेल तर घरच्या कामाचा किंवा वाहनाचा आहे. तीन जण दोन-तीन गुणांनी राहिले असतील, तर तेवढे गुण जास्त पडताच ते उत्तीर्ण झाले असते आणि निकाल ८३ लागला असता. इतक्या पातळ रेषेवर समितीचं भांडण उभं आहे. आणि सातही जणांची पहिल्याच चाचणीत वाचनाची अडचण दिसली होती असं निघालं, तर ते तेव्हाच कुणाला सांगितलं होतं का, हे विचारा.

हाच तक्ता उत्तीर्ण झालेल्यांपैकी शेवटच्या पाच-सहा जणांसाठीही करा. नापासांच्या यादीत जे कारण दिसतं ते काठावर उत्तीर्ण झालेल्यांतही तितकंच दिसलं, तर ते कारण नव्हे. ही पायरी सगळे गाळतात.

समितीपुढे काय ठेवायचं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. एक पान पुरे. वर चार वर्षांची मिळून संख्या, ९३ पैकी ७९, आणि तिच्याखाली प्रत्येक वर्षी सुरुवातीच्या तुकडीतली किती मुलं परीक्षेपर्यंत पोचली. त्याखाली विषयवार नापासांची संख्या आणि त्या वर्षी त्या विषयाची जागा किती महिने रिकामी होती. टक्केवारी लिहायचीच असेल तर कंसात. मुख्याध्यापकांबद्दलचा ठराव या पानावर चर्चा होईपर्यंत पुढे ढकला, आणि सात मुलांच्या फेरपरीक्षेची तयारी कोण घेणार हे त्याच बैठकीत ठरवून घ्या; तारीख बहुधा जवळच असेल.